सोसण्याचा गौरव

वृद्ध मनुष्य कर्करोगाने गेला की तेराव्याच्या सुमारास भरणाऱ्या शोकसभेत, अथवा पुढे वर्षश्राद्धाच्या निमित्ताने छापल्या जाणाऱ्या स्मरणिकेत, एक प्रशस्ती जवळजवळ ठरलेली असते: एवढे दुखणे अंगावर असून त्यांनी शेवटपर्यंत हूं की चूं केले नाही, जहाल औषधाला ते शिवले नाहीत, आणि मुलासुनांनीही परक्याचा हात त्यांच्या देहाला लागू दिला नाही. हे उद्गार सद्हेतूने निघतात, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, आणि त्या प्रसंगी त्यांना हरकत घेणे शिष्टसंमत नसते. परंतु स्मशानातून परतल्यावर जे बोलले जाते तेच दुसऱ्या एखाद्या घरात, जिथे रुग्ण अजून खाटेवर आहे, वहिवाट म्हणून पुढे केले जाते. आणि म्हणून, कोणाच्याही दुःखाचा उपमर्द न करता, या प्रशस्तीचा मुलाहिजा न ठेवता तिची फेरतपासणी करणे मला अवश्य वाटते. माझे म्हणणे असे, की तिच्यातले प्रत्येक कलम वाचले असता ते त्या घराविरुद्धची, त्याच्या डॉक्टरांविरुद्धची आणि आपल्या सरकारदरबाराविरुद्धची फिर्याद ठरते.

मौनाचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची इमारत त्याच्यावर उभी आहे. म्हातारा मनुष्य दुखण्याविषयी का बोलत नाही, हे ज्याने त्याच्या उशाशी रात्री काढल्या आहेत त्याला ठाऊक असते, आणि त्या कारणांत धीरोदात्तपणाचा वाटा पुष्कळदा सर्वांत थोडा असतो. दुखते म्हटले तर मुलगा पुन्हा रजा टाकील; दुखते म्हटले तर इस्पितळात नेतील आणि तेथून घरी परत येणे होईल की नाही कोण जाणे; दुखणे वाढले असे कबूल केले तर रोग वाढला असे ठरेल आणि चालू असलेली किमो डॉक्टर बंद करतील; शिवाय औषधाचे पैसे, जे त्याच्या हिशेबी नातवाच्या फीचे असतात. बाईमाणसाच्या बाबतीत आणखी एक अडसर असतो: जिने उभे आयुष्य घरातल्या सर्वांची दुखणी काढण्यात घालवले, तिला स्वतःचे दुखणे हा विषयच परका, आणि दुखते का म्हणून विचारले असता ती विचारणाऱ्यालाच जेवलास का म्हणून विचारते. अशा मौनाला तितिक्षा म्हणणे हे, ज्या दरबारात अर्ज घेण्याची सोयच ठेवलेली नाही तेथे एकही तक्रार आली नाही म्हणून प्रजा सुखी आहे, असा निष्कर्ष काढण्यासारखे आहे.

वेदना विचारावी लागते, आणि नेमकी विचारावी लागते. कोठे दुखते, ठणकते की आग होते की मुंग्या येऊन कळ पायात उतरते, रात्री वाढते की हालचालीने वाढते, हे प्रश्न कुतूहलाचे नसून प्रत्येक उत्तराला निराळे औषध आहे: मज्जातंतू दाबला गेल्याने होणाऱ्या जळजळीवर अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेन्टिन यांसारखी औषधे लागतात, आणि हाडात पसरलेल्या रोगाच्या एखाद्याच दुखऱ्या जागेला किरणोपचाराची एकच मात्रा, एकाच बैठकीत, दिली असता पुष्कळांना आठवडेच्या आठवडे आराम पडतो, ही गोष्ट रोग बरा होण्यासारखा नाही म्हणून घरी आणलेल्या कित्येकांच्या कानावर कधी घातलीच जात नाही. डॉक्टर शून्य ते दहा या आकड्यांत वेदना मोजायला सांगतात. ज्यांचे बालपण 1957 च्या नाणेबदलापूर्वी गेले, त्या पिढीला तो हिशेब रुचत नाही. पण 'आई, रुपयात किती आणे दुखतंय?' असे विचारले तर चौदा आणे म्हणून उत्तर तत्काळ येते, आणि औषध दिल्यावर ते सहा आण्यांवर उतरले हेही ती बिनचूक सांगते. जो बोलूच शकत नाही त्याचे शरीर बोलते: कपाळाची आठी, अंघोळीची टाळाटाळ, रात्रभर एकाच कुशीवर ताठ पडून राहणे, आणि नेहमी शांत असलेल्या माणसाने सुनेवर विनाकारण खेकसणे. या कशाची नोंद ज्या घरात एका वहीत होत नाही, त्या घराने 'त्यांना फारसे दुखत नव्हते' अशी साक्ष देऊ नये.

यावर उत्तर येते ते प्रारब्धाचे. भोग भोगूनच संपतो, मध्येच औषधाने दाबला तर पुढल्या जन्मी उभा राहतो, असे सांगणारे गृहस्थ मला वारंवार भेटले आहेत, आणि त्यांच्या श्रद्धेचा मी उपहास करणार नाही. एवढेच निदर्शनास आणतो, की त्यांनी स्वतःचा मोतीबिंदू काढताना डोळ्यात भुलीचे थेंब घातले होते, किडलेली दाढ उपटताना हिरडीत सुई टोचून घेतली होती, आणि त्या वेळी पुढल्या जन्माची तजवीज कोणाला आठवली नव्हती. उपासतापास आणि आत्मक्लेश यांत ज्यांची बरोबरी करणारा मनुष्य गेल्या शतकात सापडणे कठीण, त्या गांधीजींना 1924 च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे आंत्रपुच्छ काढले, तेव्हा मध्येच वीज गेली आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. पण भूल मात्र त्यांना रीतसर दिलेली होती, आणि ती घेतल्याने त्यांच्या तपश्चर्येत उणेपणा आला असे अद्याप कोणी म्हटलेले नाही. स्वखुशीने पत्करलेले कष्ट आणि दुसऱ्याने औषध न दिल्यामुळे वाट्याला आलेले कष्ट, यांना एकाच पंक्तीला बसवणारा वेदान्त माझ्या वाचनात नाही. आपल्या पित्याच्या प्रारब्धाचे कारकून होण्याचा अधिकार मुलाला कोणी दिला?

आता जहाल औषधाकडे वळतो, म्हणजेच मॉर्फिनकडे, कारण कुटुंबातल्या सुशिक्षितांचा विरोध येथे सर्वांत प्रखर असतो. त्यांच्या मनात दोन भये एकमेकांत गुंतलेली असतात: हे औषध सुरू केले म्हणजे मरण जवळ आले, आणि हे औषध लागले म्हणजे व्यसन जडले. जर्मन औषधवाला झेर्ट्यूर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून वेगळे काढलेले हे द्रव्य जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी सांगितलेल्या तीन पायऱ्यांपैकी वरच्या पायरीवर ठेवले, आणि ते तोंडाने द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे, असे बजावले. घड्याळाप्रमाणे, या शब्दांत अर्धे शास्त्र आहे. साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास टिकतो. तो ओसरण्यापूर्वी पुढची गोळी पोटात गेली तर वेदना डोके वर काढीत नाही आणि थोड्या मात्रेत भागते. आपल्याकडे 'अगदीच असह्य झाले तर देऊ' म्हणून गोळी कपाटात राखून ठेवण्याची जी काटकसर चालते, तिचा परिणाम असा होतो की रुग्ण दिवसातून चार वेळा यातनेच्या शिखरावर चढतो, मग खाली उतरायला मोठी मात्रा लागते, मग त्याला ग्लानी येते, आणि ती ग्लानी दाखवून घरचे म्हणतात, पाहा, औषध सोसत नाही.

व्यसनाविषयी बोलायचे तर, मॉर्फिन काही आठवडे घेतल्यावर शरीर त्याला सरावते आणि ते एकाएकी तोडता येत नाही, हे खरे. पण उतरत्या मात्रेने सोडवावी लागणारी औषधे वैद्यकात कितीतरी आहेत, आणि दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड डॉक्टर असेच क्रमाक्रमाने उतरवतात, म्हणून त्या रुग्णाला कोणी व्यसनी म्हणत नाही. व्यसनी मनुष्य औषधापायी घरदार सोडतो. वेदना शमलेला म्हातारा औषधामुळे घरदाराकडे परत येतो, वर्तमानपत्र मागतो, जावयाची चौकशी करतो. मात्रा पुढे वाढवावी लागली तर त्याचे कारण बहुधा रोगाचे वाढणे असते. आणि मरण जवळ येते म्हणाल, तर 2010 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील डॉक्टरांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना निदानापासूनच वेदना व इतर त्रास निवारणारी पॅलिएटिव्ह केअरची जोड मिळाली त्यांची मनःस्थिती तर सुधारलीच, पण नेहमीचेच उपचार मिळालेल्यांचे मध्यक आयुष्य 8.9 महिने असता यांचे 11.6 महिने भरले. या सेवेत मॉर्फिनखेरीज पुष्कळ काही येते, तेव्हा सारे श्रेय त्या गोळीला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु वेदनेकडे लक्ष दिल्याने माणूस लवकर जातो, या समजुतीला त्यानंतर उभे राहायला जागा उरलेली नाही.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मी नाकारीत नाही. मॉर्फिन हे पाहुण्याने सुचवून सुरू करायचे औषध नव्हे. मूत्रपिंड क्षीण झालेल्या माणसात ते साचते आणि मात्रा किंवा औषधच बदलावे लागते; पहिले काही दिवस मळमळ व सुस्ती येते आणि बहुधा ओसरते; बद्धकोष्ठ मात्र हटकून होतो आणि औषध चालू असेतोवर राहतो, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू न करणारा डॉक्टर आपले काम अर्धे सोडतो. गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि मोजून ठेवाव्यात, कारण घरात मुले असतात. ही सारी सावधगिरीची कलमे आहेत. सावधगिरी हे औषध नाकारण्याचे कारण असते, तर इन्शुलिनही घरात येऊ शकले नसते.

आणि या भयाला आपल्या कायद्याने केवढे खतपाणी घातले आहे, याची कैफियत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. अफूची कायदेशीर लागवड ज्या मोजक्या देशांत होते त्यांत आपला देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथील शेतकऱ्यांकडून परवान्याने घेतलेला चीक नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत जातो, आणि त्यातला मोठा भाग निर्यात होऊन परदेशच्या रुग्णांची वेदना शमवतो. येथे मात्र 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने बहुतेक अपराधांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवली, आणि राज्याराज्यांनी त्याखाली केलेल्या नियमांमुळे एका इस्पितळाला एका औषधासाठी अबकारी, आरोग्य, औषध-नियंत्रण अशा निरनिराळ्या खात्यांचे परवाने एकाच मुदतीत जिवंत ठेवण्याची कसरत करावी लागली. परिणाम व्हायचा तोच झाला: औषधविक्रेत्यांनी माल ठेवणे सोडले, आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहूनही अधिक घसरला. मॉर्फिन कधी न लिहिलेल्या डॉक्टरांची एक अख्खी पिढी त्या काळात तयार झाली, आणि आज घरचे लोक ज्यांचा सल्ला प्रमाण मानतात ते डॉक्टर पुष्कळदा याच पिढीचे असतात. 2014 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून मॉर्फिनसह काही औषधांना अत्यावश्यक ठरवले, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध-नियंत्रकाकडून मिळणारी एकच मान्यता पुरेशी केली. तेव्हापासून 'कायदा आडवा येतो' हे कारण इस्पितळाला देता येत नाही. आळस आडवा येतो, असे त्याने प्रांजळपणे म्हणावे.

वेदनेइतकाच, किंबहुना काही घरांत तिच्याहून अधिक, गैरसमज हालचालीविषयी आहे. 'आता त्यांना हलवू नका, पडू द्या निवांत' हे दयेचे वाक्य ज्या रुग्णाच्या बाबतीत बोलले जाते, त्याच्या माकडहाडावर, टाचांवर आणि कमरेच्या उंचवट्यांवर थोड्याच दिवसांत शय्याव्रण पडतो. एकदा पडला की तो भरून येणे दुरापास्त, आणि मूळ रोगाची वेदना औषधाने आटोक्यात आली तरी ही नवी, घरातच निर्माण झालेली वेदना उरते. स्वतः वळू न शकणाऱ्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवाव्यात, हवेची गादी भाड्याने मिळते ती आणावी, आणि वर सरकवताना ओढू नये. खाली चौपदरी चादर आडवी घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलून सरकवावे. काखेत हात घालून हिसक्याने उठवण्याची जी सार्वत्रिक पद्धत आहे, तिने हाडात रोग असलेल्या माणसाचा दंड मोडलेला ऐकिवात आहे. अंघोळ, ड्रेसिंग, खुर्चीत बसवणे, जे काही हालचालीचे असेल ते वेदनेच्या गोळीनंतर अर्धा-पाऊण तासाने करावे. रुग्ण कोठे दुखेल या भयाने अंघोळीला नकार देत असतो, आणि घरचे त्याला हट्टी म्हणत असतात.

आपली घरे म्हाताऱ्यासाठी बांधलेलीच नाहीत, हेही येथे लिहून ठेवायला हवे. मोरीचा उंबरठा, ओली शहाबादी फरशी, उकिडवे बसायचा संडास, चाळीत तो गॅलरीच्या टोकाला, देवघराशी जमिनीवर पाट: पाय लटपटणाऱ्याला या प्रत्येक ठिकाणी पडण्याची निश्चिती आहे. बसायला मध्ये भोक असलेली कमोडची खुर्ची, भिंतीला एक लोखंडी दांडा, मोरीत रबरी चटई आणि उंचीला बेतलेला वॉकर, या चार वस्तूंना एका श्राद्धभोजनाइतकाही खर्च येत नाही. (श्राद्धभोजन काढू नये असे मी म्हणत नाही, क्रम कोणता, एवढेच विचारतो.) मात्र एक ताकीद सर्वांत महत्त्वाची, कारण तिथे घरगुती उपाय करीत बसणे घातक आहे: पाठीच्या कण्यात रोग पसरलेल्या माणसाची पाठ नव्याने व वाढत्या प्रमाणात दुखू लागली, पायांतली शक्ती जाऊ लागली, लघवी तुंबली किंवा लघवी-शौचावर ताबा राहिला नाही, तर मज्जारज्जू दाबला जात असण्याचा संभव असतो, आणि त्याच दिवशी इस्पितळात जाऊन स्टेरॉइड व किरणोपचार मिळाले तर चालणे वाचू शकते; पाय पुरते गेल्यावर आणलेल्यांचे बहुधा परत येत नाहीत. 'अशक्तपणा आहे, उद्या बघू' या चार शब्दांनी किती म्हातारे कायमचे खाटेला खिळले असतील, याची गणती कोणत्या दफ्तरात असणार?

राहिले शेवटचे कलम, परक्या हाताचे. सेवा स्वहस्ते करावी, पैसे देऊन आणलेल्या माणसाकडून करवून घेणे म्हणजे मातृऋण बाजारभावाने फेडणे, असे बोलणाऱ्यांच्या वाणीत श्रावणबाळाची कावड हमखास येते. या वाणीच्या पुरुषांना मी एकच गोष्ट विचारीत आलो आहे, की त्या घरात रात्री दोन वाजता भांडे कोण देत होते. आणि उत्तर देताना त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे जाते. 'आम्ही' सेवा केली, या वाक्यातले आम्ही म्हणजे पुष्कळदा एकटी सून, अथवा माहेरी परत बोलावलेली लेक, जिच्या पाठीचा मणका सासऱ्याला उचलताना सरकला आणि जिची नोकरी त्या वर्षात गेली. शोकसभेत तिला नारळ मिळतो. शिवाय लाजेचा भाग आहेच: मुलाकडून अंग पुसून घेताना मान भिंतीकडे वळवणारी आई, एखाद्या अनुभवी नर्सच्या अथवा मावशींच्या हाताखाली मोकळेपणी पाय पसरते, यात मुलाचा अपमान कोठे होतो? तिचे अंग दुसऱ्याने पुसले म्हणून जो वेळ वाचला, त्यात मुलाने तिच्याशेजारी बसून तिच्या गावची, तिच्या भावंडांची, तिला हव्या त्या विषयाची गोष्ट काढावी. ते काम पगारी माणसाला जमत नाही.

परक्या हाताने आपलेपणाला बाध येत नाही, याचा दाखला शोधायला विलायतेस जाण्याची जरूर नाही. कालिकत येथे 1993 मध्ये सुरू झालेल्या वेदनाशमनाच्या कामातून केरळात शेजाऱ्यापाजाऱ्यांची अशी यंत्रणा उभी राहिली, की प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, परिचारिका आणि डॉक्टर रुग्णाच्या घरी जातात, आणि 2008 मध्ये त्या राज्याने यासाठी सरकारी धोरणच जाहीर करून पंचायतींना त्यात गुंतवले. मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 मध्ये स्थापन केलेले शांती अवेदना सदन देशातले अशा प्रकारचे पहिले. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र 1997 पासून विनामूल्य चालते, आणि तेथे रुग्णाबरोबर त्याच्या नातेवाइकालाही ठेवून घेऊन घरी काय करायचे ते शिकवले जाते. परळच्या टाटा रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे ज्ञान आहे, माणसे आहेत; परंतु ती मुंबई-पुण्याच्या वेशीत आहेत, आणि गडचिरोलीचा अथवा कणकवलीजवळच्या एखाद्या वाडीवरचा म्हातारा पॅरासिटामॉलच्या गोळीवर कर्करोग काढतो.

माझ्या वडिलांना ज्या इस्पितळातून घरी धाडले, तेथल्या तरुण डॉक्टराने कागदावर साध्या वेदनाशामकाचे नाव लिहून 'आता काही करण्यासारखे राहिले नाही' असे सांगितले होते. त्यानंतर किती करण्यासारखे होते ते आम्हाला दुसरीकडून कळले. पण ते कळणे योगायोगाचे होते, आणि योगायोगावर कोणत्याही नागरिकाची शेवटची वर्षे सोपवणे हे राज्यव्यवहारात बसत नाही. म्हणून माझा आग्रह आता सुनेपाशी किंवा मुलापाशी नसून निरोपाच्या त्या कागदापाशी आहे. वेदनेचे औषध आणि त्याच्या वेळा, सोबतचे रेचक, रात्री-अपरात्री कोणाला विचारायचे त्याचा दूरध्वनी क्रमांक, आणि रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे हे नातेवाइकाच्या हातून एकदा करवून घेतल्याची नोंद, एवढे त्यावर नसेल तर नातेवाइकांनी तो कागद अपुरा म्हणून परत करावा. औषधभांडारात मॉर्फिन नाही असे उत्तर आले तर ते तोंडी ऐकून घेऊ नये. तारीख, सही आणि शिक्क्यानिशी लिहून मागावे, आणि त्याची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात आवक क्रमांक घालून द्यावी.